सिस्ट फुटली आहे, पण रक्तस्राव थांबला आहे का?

बीजांडकोशातील सिस्ट, म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, फुटणे ही गोष्ट ऐकायला जितकी भयंकर वाटते, तितकी ती शरीराला अनोळखी नाही. प्रत्येक पाळीचक्राच्या मध्यावर बीजांड बाहेर पडते तेव्हा द्रवाने भरलेली, साधारण दोन सेंटिमीटरची एक पिशवीच फुटत असते आणि बहुतेक स्त्रियांना त्याचा पत्ताही लागत नाही. त्यानंतर त्याच जागी जो पिवळसर पिंड तयार होतो, त्यात मात्र नव्या, नाजूक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि गंभीर रक्तस्राव होतो तो बहुधा तिथूनच. म्हणून पाळी यायच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत, अनेकदा व्यायाम करताना किंवा शरीरसंबंधानंतर, ओटीपोटात एका बाजूला अचानक तीव्र कळ आली असे एखादी तरुण स्त्री सांगते, तेव्हा तपासणीला हात लावण्याआधीच माझे निम्मे निदान झालेले असते.

उरलेले निम्मे मात्र कष्टाचे असते. ही कळ उजव्या बाजूला अधिक आढळते आणि आंत्रपुच्छाचा दाहही (अपेंडिसायटिस) तिथेच दुखतो; बीजांडकोशाला पीळ पडला असेल तर मळमळ आणि उलट्या अधिक असतात व कळा येत-जात राहतात; मूतखडाही असाच अकस्मात कळवळायला लावतो. या सगळ्यांच्या आधी जी शक्यता नाकारलीच पाहिजे ती म्हणजे गर्भनलिकेतील गर्भधारणा. पाळी वेळेवर आली होती, गर्भनिरोधक वापरले होते, गर्भधारणा शक्यच नाही, असे कितीही खात्रीने सांगितले गेले तरी गर्भधारणेची चाचणी केल्यावाचून पुढे जाऊ नये, या मताचा मी आहे. या आग्रहाचा काहींना राग येतो. पण पोटात रक्त साठलेले असताना गर्भनलिका फुटली आहे की सिस्ट, हे सोनोग्राफीच्या चित्रावरून नेहमीच सांगता येत नाही आणि दोहोंचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत.

सोनोग्राफी शक्यतो योनीमार्गातून करावी, कारण बीजांडकोश त्या मार्गाने जवळून दिसतात. रक्तस्राव झालेल्या सिस्टमध्ये मासेमारीच्या जाळ्यासारखी बारीक रेषांची गुंफण दिसते. गोठलेले रक्त बीजांडकोशाभोवती करड्या ढिगासारखे जमलेले असते. फुटलेली सिस्ट कधीकधी इतकी चेपून जाते की अहवालात ‘सिस्ट आढळली नाही’ एवढेच लिहिले जाते आणि सोबत ‘पोटात मोकळा द्रव’ अशी नोंद असते. हा विरोधाभास नव्हे. रिकामी झालेली पिशवी दिसणार तरी कशी? द्रव किती आहे यापेक्षा तो कुठवर पोहोचला आहे हे पाहणे मला अधिक उपयोगी वाटते. तो केवळ गर्भाशयामागच्या खोलगट जागेत असेल तर घाईचे कारण बहुधा नसते. यकृत आणि उजवे मूत्रपिंड यांच्यामधल्या फटीपर्यंत रक्त चढले असेल तर ते बरेच वाहून गेले आहे असे समजावे. पाठीवर झोपल्यावर खांद्यात दुखणे हीदेखील रक्त श्वासपटलापर्यंत, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यापर्यंत, गेल्याची खूण असू शकते. निदान अनिश्चित राहिले आणि रुग्ण स्थिर असली, तर रंगद्रव्य देऊन केलेल्या सीटी स्कॅनमध्ये रक्त अजून वाहते आहे का, हे दिसू शकते.

रक्ततपासणीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वांत जास्त फसवणूक तिथे होते. पहिल्या तासात हिमोग्लोबिन १२ आले म्हणून नातेवाईक निश्चिंत होतात. कधीकधी डॉक्टरही होतात. पण रक्त वाहून जाते ते सगळे घटक घेऊन, त्यामुळे उरलेल्या रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रमाण लगेच बदलत नाही. ऊतींमधले पाणी रक्तवाहिन्यांत शिरू लागल्यावर किंवा सलाईन दिल्यावरच तो आकडा घसरू लागतो. म्हणून एकट्या आकड्याला अर्थ नसतो. चार ते सहा तासांनी केलेल्या दुसऱ्या तपासणीशी तुलना केली तरच तो बोलतो. रक्तदाबाचेही तसेच आहे. तरुण, निरोगी शरीर बराच काळ रक्तदाब सांभाळून धरते आणि मग एकदम खचते. नाडीचा वेग, चेहऱ्यावरचा फिकटपणा, उठून बसल्यावर येणारी भोवळ आणि लघवीचे घटलेले प्रमाण यांच्याकडे लक्ष असावे. त्याच वेळी रक्तगट तपासून रक्ताची तयारी ठेवावी.

नाडी आणि रक्तदाब स्थिर असतील, हिमोग्लोबिन घसरत नसेल आणि पोटातला द्रव वाढत नसेल, तर वेदनाशामके देऊन निरीक्षण करणे हाच उपचार आहे. बहुतेक रुग्णांना यापलीकडे काही लागत नाही, कारण रक्तस्राव आपोआप थांबतो आणि साठलेले रक्त पुढच्या काही आठवड्यांत शोषले जाते. हे समजावून सांगायला शस्त्रक्रियेपेक्षा जास्त वेळ लागतो. ‘फुटलेले’ काही पोटात तसेच ठेवायचे, ही कल्पनाच घरच्यांना पटत नाही.

शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा तो रक्तस्राव चालू असल्याच्या पुराव्यावर, वेदना आवरत नसल्यास, किंवा पीळ पडल्याची शंका उरल्यास. दुर्बिणीची शस्त्रक्रिया हा पहिला पर्याय असला, तरी पोटात वायू भरल्याने हृदयाकडे परतणारे रक्त आणखी घटते. म्हणून ढासळलेल्या रुग्णाच्या बाबतीत भूलतज्ज्ञाचे मत शल्यविशारदाच्या उत्साहापेक्षा वरचे मानावे आणि वेळ पडल्यास पोट उघडण्यात कमीपणा मानू नये. आत गेल्यावर आधी रक्त शोषून घ्यायचे, मग बीजांडकोश हळुवार धरून रक्त येणारा बिंदू शोधायचा. थोडा वेळ दाब, गरज पडल्यास सिस्टची भिंत सोडवून काढणे आणि बारीक टाके, एवढ्यावर बहुधा भागते. विद्युत उपकरणाने डाग देणे सोपे असते, पण त्या उष्णतेने शेजारची निरोगी बीजांडे जळतात, म्हणून ते बेताने वापरावे. अख्खा बीजांडकोश काढण्याची वेळ क्वचितच येते.

सिस्टच्या प्रकाराने मात्र हे गणित बदलते. डर्मॉइड, म्हणजे केस आणि त्वचेसारख्या ऊती असलेली सिस्ट, फुटली तर तिच्यातला तेलकट पदार्थ आणि केस पोटाच्या अस्तराला तीव्र दाह आणतात. तिथे वाट न पाहता सिस्ट काढून कोमट सलाईनने पोट पुन्हापुन्हा, धुवण स्वच्छ येईपर्यंत, धुवावे लागते. चॉकलेट सिस्ट, म्हणजे एंडोमेट्रिओसिसमुळे झालेली, जुन्या तपकिरी रक्ताने भरलेली सिस्ट, फुटल्यावरही पोट लाकडासारखे कडक होऊ शकते. तिची भिंत सोलताना निरोगी ऊतीही निघून येतात आणि बीजांडांचा साठा घटतो, हे मूल हवे असणाऱ्या स्त्रीला आधीच सांगितलेले असावे. गर्भारपणाच्या पहिल्या आठवड्यांत हाच पिवळा पिंड गर्भाला आधार देत असतो, त्यामुळे तो काढावा लागला तर वार (प्लॅसेंटा) ती जबाबदारी घेईपर्यंत, म्हणजे साधारण दहाव्या आठवड्यापर्यंत, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक द्यावे लागते. वयोमानाने पाळी कायमची थांबलेल्या स्त्रीत सिस्ट फुटली तर कर्करोगाची शंका धरूनच पुढे जावे.

शस्त्रक्रिया झाली असो वा नसो, सहा ते आठ आठवड्यांनी सोनोग्राफी पुन्हा करावी; तेव्हाही टिकून असलेली गाठ साधी नसण्याची शक्यता वाढते. काढलेली ऊती तपासणीला गेली का आणि तिचा अहवाल काय आला, हे रुग्णाने स्वतः विचारून घ्यावे. ज्या मुलीला पहिल्यापासून पाळीत अतिशय रक्तस्राव होतो, तिची सिस्ट फुटून पोटात खूप रक्त साठले असेल, तर रक्त गोठण्याच्या आजाराची तपासणी झाल्याशिवाय प्रकरण बंद करू नये. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्या स्त्रियांत हा प्रसंग पुन्हा ओढवू शकतो. त्यांच्यासाठी बीजांड बाहेर पडणेच थांबवणारी संप्रेरके विचारात घ्यावीत, मात्र गुठळ्यांचा धोका असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळाव्यात. बीजांड बाहेर पडणे थांबवणाऱ्या गोळ्यांनी नव्या सिस्ट होणे कमी होते. आधीच असलेली सिस्ट त्यांनी लवकर विरत नाही.