डुलत्या खुर्चीचा हिशोब

झोपाळ्याला कड्या लागतात, कड्यांना तुळई लागते आणि तुळया आता पुण्यात राहिल्यात कुठे. पेठेतले वाडे पाडून बिल्डिंगी झाल्या, स्लॅबला हूक मारायचा म्हटलं तर सोसायटीच्या चेअरमनचा चेहरा बघवत नाही, त्यामुळे बसल्या बसल्या हलायची सवय असलेल्या माणसाला उरली ती रॉकिंग चेअर. मी मूळचा झोपाळ्याचाच. तिथे दोघं-तिघं मावतात, पायाने ठेका देत गप्पा होतात. रॉकिंग चेअर म्हणजे एकट्याचा कारभार, वर बघणाऱ्याला वाटतं हा रिटायर झाला.

पण बुधवार-रविवार जुन्या बाजारात चक्कर मारायची खोड आहे, आणि तिथे अधूनमधून एखादी जुनी सागवानी किंवा शिसवी रॉकिंग चेअर उलटी टाकलेली दिसते. उलटी असते तेव्हाच बघावी. सरळ ठेवली की आपण लगेच बसतो, बसलो की बरं वाटतं, आणि बरं वाटलं की भाव करता येत नाही.

खाली दोन कमानी, बास, एवढंच तर आहे असं वाटतं ना? सगळी गोम त्या कमानीतच आहे. कमान म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा, आणि त्या वर्तुळाचं केंद्र बसलेल्या माणसाच्या गुरुत्वमध्याच्या वर यायला हवं, म्हणजे मागे झुकलं की आपलंच वजन आपल्याला परत पुढे आणतं. केंद्र खाली गेलं की खुर्ची परत येत नाही, थेट तुम्हाला घेऊन पडते. जुन्या कमानींचं वर्तुळ साधारण ३६ ते ४२ इंच त्रिज्येचं सापडतं. त्याहून सपाट केली तर खुर्ची नुसती टकटक हलते, जास्त गोल केली तर प्रत्येक झोक्याला पोटात गोळा. म्हणूनच सीट बुटकी असते आणि कमानीची शेपटं पुढच्यापेक्षा मागे जास्त लांब ठेवलेली असतात. हा सगळा हिशोब कागदावर मांडणारे सुतार किती असतील कोण जाणे, बहुतेकांनी चांगल्या खुर्चीची कमान पुठ्ठ्यावर उतरवून घेतली असणार.

शोध बेंजामिन फ्रँकलिनने लावला असं हमखास ऐकायला मिळतं, त्याला पुरावा काही नाही. अठराव्या शतकात अमेरिकेत लोक घरातल्या साध्या खुर्चीच्या पायांना खाचा पाडून खाली कमानी बसवायला लागले, पाळण्याला तर त्या आधीपासून होत्याच. पुढे तिथल्याच शेकर नावाच्या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी यात फार सुंदर काम केलं. त्यांच्या पद्धतीच्या खुर्चीत पाय जरा ओलसर लाकडाचे आणि आडवे दांडे पूर्ण वाळलेले. पाय वाळताना आवळतो, दांडा हवेतली ओल घेऊन किंचित फुगतो, दोघं एकमेकांना असे धरतात की खिळ्याचं काम नाही. आणि मिखाएल टोनेट, व्हिएन्नात स्थायिक झालेला जर्मन फर्निचरवाला, त्याने तर १८६० च्या सुमारास अख्खी रॉकिंग चेअरच बीच लाकडाच्या वाफवून वाकवलेल्या काठ्यांची काढली, नुसती वळणंच वळणं. लाकूड वाकवताना बाहेरची बाजू ताणून फाटते, म्हणून त्याने तिकडून पोलादी पट्टी घट्ट बांधली, म्हणजे लाकूड ताणलं न जाता फक्त आतून दाबलं जातं. इराण्याच्या हॉटेलातल्या त्या गोल पाठीच्या काळ्या खुर्च्या आठवा, तीच विद्या.

केनेडींची पाठ दुखायची, डॉक्टरांनी १९५५ मध्ये रॉकिंग चेअर सुचवली आणि ती पुढे व्हाइट हाऊसपर्यंत गेली. पुण्यात पाठ सगळ्यांचीच दुखते, पण आपले डॉक्टर पट्टा देतात.

मला मात्र या खुर्चीची खरी मजा कळली ती ती उघडताना बघून. आमच्या मामांची शिसवी खुर्ची करकरायला लागली म्हणून एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली होती. साधी खुर्ची एका जागी उभी असते, ही रोज संध्याकाळी स्वतःचे सांधे स्वतःच हलवत बसते, म्हणजे करकरणारच. मिस्त्रींनी आधी मधेच कोणीतरी हाणलेले दोन खिळे काढले, ठोकणाऱ्याला एक सणसणीत शिवी घातली, मग सांध्यावर कढत पाण्याचं फडकं धरून बसले. पाचेक मिनिटांनी एक घाणेरडा वास सुटला. सरस. जनावराच्या कातड्या-हाडांचा जुना गोंद, गरम पाण्याने पुन्हा मऊ होतो. मग लाकडी हातोडीने दोन हलक्या टपल्या आणि कुसू, म्हणजे भोकात बसवलेलं लाकडाचं टोक, अलगद बाहेर, आणि आतलं लाकूड इतक्या वर्षांनी अजून तांबूस ताजं. आजचा बाटलीतला पांढरा गोंद असता तर सांधा असा सहज सुटला नसता आणि बहुधा लाकूडच तुटलं असतं. जुन्या सुताराने जोडतानाच पुढच्या सुताराची सोय करून ठेवली होती. शोरूममधल्या नव्या खुर्च्या बोल्टवर असतात, ढिल्या झाल्या की आवळा, भोक मोठं झालं की फेका. माझं मत विचाराल तर ती डुलणारी खुर्ची नाहीच, हलणारं फर्निचर आहे.

जुनी घ्यायची असेल तर फरशीवर ठेवून जरा वेळ डुलवा. दोन्ही कमानी सारख्या नसल्या की खुर्ची हळूहळू तिरकी चालत जाते. कमानीला खालून हात फिरवा, मधे घासून सपाट झाली असेल तर झोका तिथे अडतो. वेत तुटलेला असला तरी घाबरू नका, वेत पुन्हा विणून मिळतो.

मी मिस्त्रींना विचारलं, "अशी नवीन करून द्याल का?"

"देतो की साहेब. पण कमान फळीतून कापणार नाही. सरळ फळीतून वळण कापलं की टोकाला लाकडाची रेषा आडवी येते, तिथेच मोडतं. मुळात वाकडं वाढलेलं लाकूड पाहिजे."

"मग टिंबर मार्केटला बघू या का?"

"तिकडे सगळे सरळच विकतात. वाकडं शोधावं लागेल. गणपती झाले की या."

कुठल्या वर्षीचे गणपती, ते मी काही विचारलं नाही.