वेदगंगेचा पूर आणि ट्रोम्सोला आलेली परिषद

आयट्रिपलई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेची 'स्केल चॅलेंज' नावाची एक स्पर्धा आहे. निपाणी, चिकोडी, बेळगावकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींसाठी तिच्याबद्दल मुद्दाम लिहितेय. ती सीसीग्रिड या संगणक क्षेत्रातल्या परिषदेबरोबर भरत आली आहे. ही परिषद २०२३ साली बेंगळुरूला झाली, म्हणजे आपल्यापासून एका रात्रीच्या बसवर. २०२५ च्या मे महिन्यात ती उत्तर नॉर्वेत झाली, मी राहते त्या ट्रोम्सोला. मेच्या शेवटी इथं सूर्य मावळायचा थांबतो आणि रात्री अकरालाही लोक सायकली काढून बाहेर पडतात.

जगातला एखादा खरा प्रश्न घ्यायचा, तो सोडवणारी संगणकीय यंत्रणा उभी करायची, काम वाढलं तरी ती पेलते हे मोजायचं आणि प्रत्यक्ष चालवून दाखवायचं, असं या स्पर्धेचं स्वरूप. सगळी मेख 'काम वाढलं तरी' यात आहे. ऊसतोडीला टोळ्या दुप्पट लावल्या की फड लवकर मोकळा होतो. पण कारखान्याच्या गेटवर काटा एकच असेल, तर ट्रॅक्टर तिथं रांगेत थांबणारच. जीन ॲमडाल या संगणक अभियंत्यानं १९६७ मध्ये संगणकांबद्दल हेच मांडलं. कामाचा ५ टक्के भाग एकामागून एक असाच उरकावा लागत असेल, तर हजारो प्रोसेसर लावूनही वेग २० पटींच्या वर जात नाही. आपलं काम नेमकं कुठं तुंबतंय ते शोधणं, हीच या क्षेत्रातली खरी मेहनत.

आता आपला प्रश्न. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये निपाणीलगतच्या यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. दादाचा फोन यायचा, "पाणी चढाय लागलंय गं, राजाराम बंधारा किती झालाय बघ की." राजाराम बंधारा कोल्हापूरचा, पंचगंगेवरचा. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. आपल्या भागात हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण शेजारच्या नदीच्या आकड्यावरून आपल्या नदीचा अंदाज बांधत आपण रात्री काढतो, याचं मला फार वाईट वाटतं.

इथं नॉर्वेत पूर, दरडी आणि हिमकडे कोसळण्याचे इशारे 'वारसम' या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. नद्यांच्या प्रवाहाचे आकडेही कुणालाही बघता येतात. माझ्या शेजारच्या आजी स्की घेऊन निघण्याआधी तिथला इशारा वाचतात, आणि तो वाचूनच कुठं जायचं ते ठरवतात.

आपल्याकडं गुंता जास्त आहे, हे खरं. पाटगाव धरणाचं पाणी वेदगंगेत, काळम्मावाडीचं दूधगंगेत. वेदगंगा दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा कल्लोळजवळ कृष्णेला. तोवर कृष्णेत वारणा, पंचगंगा आणि १०५ टीएमसीच्या कोयनेचा विसर्ग आलेला असतो. खाली १२३ टीएमसीचं अलमट्टी. मधे आपली चिकोडी, रायबाग, अथणीची गावं.

हे गणित संगणकावर मांडताना खोऱ्याचे चौकोन पाडतात. चौकोन ९० मीटरवरून ३० मीटरवर आणला की चौकोनांची संख्या ९ पट होते. शिवाय वेळेचे टप्पेही तिप्पट बारीक करावे लागतात, म्हणजे काम एकूण २७ पट. त्यात युरोपचं हवामान केंद्र एकाच वेळी ५१ अंदाज काढतं. ते सगळे नदीवर चालवून बघायचे, तेही पाणी गावात शिरायच्या आत! एका संगणकाच्या आवाक्यातलं हे काम नाही. ५१ अंदाज एकमेकांवर अवलंबून नसतात, ते वेगवेगळ्या यंत्रांवर सहज वाटता येतात. अडतं ते एका अंदाजाच्या पोटात, कारण तिथं प्रत्येक चौकोनाला प्रत्येक टप्प्यावर शेजारच्या चौकोनातलं पाणी कळावं लागतं. यंत्रं वर्षभर बाळगायचीही गरज नाही. मुसळधार पावसाच्या दिवसांपुरती क्लाउडवर भाड्यानं घेता येतात. उत्तर बरोबर आलं का, हे सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडारचित्रांशी ताडून बघता येतं. ती ढगांतूनही जमीन दाखवतात आणि फुकट मिळतात.

अलमट्टीचं पाणी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत अडवायला कृष्णा पाणीतंटा लवादानं २०१० मध्ये मुभा दिली. तेव्हापासून पारावर किती भांडणं ऐकली! अशी यंत्रणा असेल तर दोन्ही उंची घालून चालवता येईल आणि कुठल्या गावात किती फरक पडतो ते आकड्यांत दिसेल. त्यासाठी महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्ही राज्यांच्या धरणांच्या विसर्गाचे आकडे एकत्र हवेत. एकाची पत्रकं मराठीत, दुसऱ्याची कन्नडमध्ये. ती दोन्ही वाचू शकणारी पोरं सीमाभागाइतकी दुसरीकडं क्वचितच सापडतील. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ तर १९९८ पासून बेळगावातच आहे. हा प्रश्न दुसऱ्या कुणी उचलायची वाट आपण का बघावी?

सगळ्या कृष्णेला एकदम हात घालू नका. पाटगाव ते यमगर्णी एवढाच पट्टा घ्या आणि २०१९ चा पूर संगणकावर पुन्हा उभा करा. तो जमला की २०२१ चा पूर घालून तपासा. मग यंत्रं दुप्पट करा, चौपट करा आणि किती वेळ वाचला ते लिहून ठेवा. स्पर्धेत मांडायला लागतं ते हेच. कोड मला पाठवलात तर मी मनापासून वाचेन. इथलं घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास मागं आहे, त्यामुळं तुमच्या रात्री नऊपर्यंत माझी संध्याकाळ मोकळी होते.