माझा अनुभव: न्यू जर्सीतलं शाळेचं रजिस्ट्रेशन आणि एक उलटी तारीख

आम्ही २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून न्यू जर्सीला आलो तेव्हा लेक दुसरीत होती. म्हणजे जूनमध्ये नवीन दप्तर, वह्यांना कव्हरं, त्यावर लेबलं, सगळं साग्रसंगीत झालेलं, आणि दीड महिन्यात तिला उचलून इकडे आणलं. नवऱ्याच्या ऑफिसातले लोक म्हणाले काही टेन्शन घेऊ नका, पब्लिक स्कूल आहे, फी नाही, डोनेशन नाही, इंटरव्ह्यू नाही, पत्ता दाखवला की अ‍ॅडमिशन. हे सगळं खरं आहे. फक्त "पत्ता दाखवला की" या तीन शब्दांत काय काय भरलंय ते कोणी सांगितलं नाही.

इथे शाळा तुम्ही निवडत नाही, तुमचं घर निवडतं. न्यू जर्सी एवढंसं राज्य पण स्कूल डिस्ट्रिक्ट साडेपाचशेच्या वर, प्रत्येकाचं वेगळं बोर्ड, वेगळं कॅलेंडर, वेगळं बजेट, आणि ते बजेट बऱ्याच ठिकाणी मुख्यतः घरांच्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतं. त्यामुळे मूल खरंच आपल्या हद्दीत राहतं का याबद्दल ही मंडळी फार जागरूक असतात, आणि ते चुकीचं आहे असंही मला वाटत नाही. फक्त आमची अडचण अशी की पहिले तीन आठवडे आम्ही कंपनीने दिलेल्या तात्पुरत्या अपार्टमेंटमध्ये होतो, लीज कंपनीच्या नावावर, विजेचं बिल कोणाच्याच नावावर नाही. मग नवीन घराचं लीज सही करून आणलं, वीज कनेक्शन नावावर करायला फोन केला, त्यांचं पहिलं बिल यायला महिना, म्हणून नुसतं "खातं उघडलंय" असं पत्र मागून घेतलं, बँकेला पत्ता बदलायला लावला आणि त्यांचं पत्र येईपर्यंत रोज खाली जाऊन पोस्टाची पेटी उघडून बघायची. जे येणार असतील त्यांनी घर ठरलं की त्याच दिवशी वीज आणि बँक ही दोन कामं करून टाका, बाकी सगळं नंतर.

एक गोष्ट मात्र चांगली वाटली. व्हिसा कुठला, स्टेटस काय, हे रजिस्ट्रेशनमध्ये कोणी विचारत नाही. १९८२ साली सुप्रीम कोर्टाचा प्लायलर विरुद्ध डो हा निकाल आला, त्यात इमिग्रेशन स्टेटसवरून मुलाला सरकारी शाळा नाकारता येणार नाही असं ठरलं. सोशल सिक्युरिटी नंबरही लागत नाही. आमच्याकडे स्टेटस वगैरे व्यवस्थित होतं तरी मी सगळी कागदपत्रं प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून छातीशी धरून बसले होते, सवय हो, तलाठ्यापासून पासपोर्ट ऑफिसपर्यंतची.

तर तारखेचं. ऑनलाइन पोर्टल होतं. रात्री साडेअकराला, जेटलॅग अजून पूर्ण गेलेला नाही, लेक सोफ्यावर झोपलेली, मी एकामागून एक रकाने भरतेय. जन्मतारखेच्या रकान्यात अगदी फिकट राखाडी अक्षरात महिना आधी, दिवस नंतर असं लिहिलेलं होतं म्हणे. मी कशाला बघतेय. लेकीचा जन्म ५ नोव्हेंबर २०१७, मी आयुष्यभर लिहीत आलेय तसं ०५/११/२०१७ टाकलं आणि पुढे गेले. पोर्टलला काय, पाचवा महिना, अकरा तारीख, सगळं बरोबर. पुढच्या आठवड्यात ऑफिसात पासपोर्ट दाखवला, आपल्या पासपोर्टवरही ०५/११/२०१७ असंच छापलेलं, रजिस्ट्रारबाईंनी स्क्रीनवर बघितलं, पासपोर्टवर बघितलं, आकडा ना आकडा जुळला, गोड हसल्या आणि म्हणाल्या सेकंड ग्रेड. जन्मदाखला आणलाच नव्हता, तो पुण्यात बँकेच्या लॉकरमध्ये सुरक्षित. आम्ही खूश. दुसरीतली मुलगी दुसरीत, वर्ष वाया नाही, सासूबाईंना रात्रीच व्हिडिओ कॉल.

खूश चार दिवस होतो.

पाचव्या दिवशी सकाळी नऊला शाळेच्या नर्सचा फोन. आवाज अगदी शांत. म्हणाल्या, तुमच्या मुलीच्या लसींचं कार्ड बघतेय, काही तारखा मला कळत नाहीत, एक लस एकोणिसाव्या महिन्यात दिलेली दिसतेय. मला आधी वाटलं एकोणिसाव्या महिन्यात म्हणजे दीड वर्षाची असताना, त्यात काय. मग लक्षात आलं, दीड महिन्याच्या लसी, १९/१२/२०१७. मी म्हटलं ते एकोणीस डिसेंबर आहे, आमच्याकडे दिवस आधी लिहितात. पलीकडे दोन सेकंद शांतता, कागद चाळल्याचा आवाज, आणि मग, "बरं, मग तुमच्या मुलीचा वाढदिवस नक्की कधी असतो?"

मला आजही ते आठवलं की कानशिलं गरम होतात.

आता गंमत बघा. महाराष्ट्रात पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण झाली की चालतं, म्हणून आमची नोव्हेंबरची पोरगी २०२३ च्या जूनमध्ये पहिलीत आणि २०२४ ला दुसरीत. इथे आमच्या डिस्ट्रिक्टचा कटऑफ १ ऑक्टोबर, त्या दिवशी पाच पूर्ण असतील तर किंडरगार्टन, म्हणजे पहिलीच्या आधीचं वर्ष. मे महिन्याच्या हिशोबाने ती सेकंड ग्रेडला बसत होती, नोव्हेंबरच्या हिशोबाने फर्स्ट. पाच आठवड्यांनी एक अख्खी इयत्ता गेली. ऑफिसात परत गेलो, पासपोर्ट परत बघितला पण त्यावरून काहीच सिद्ध होईना, तोच तो आकडा, कसाही वाचा. शेवटी व्हिसाचं पान उघडलं, त्यावर अमेरिकेने स्वतः छापलेलं, ०५ मग नोव्हेंबरची तीन अक्षरं, मग २०१७. कोणी मागितलं नव्हतं, मीच दाखवलं. रजिस्ट्रारबाईंनी माझ्यासमोर दुरुस्त केलं. मी पुण्याच्या शाळेचं प्रगतिपुस्तक पुढे केलं, पहिली झालीय, अ श्रेणी आहे, पण त्या म्हणाल्या आम्ही वयाप्रमाणे ठेवतो. नवरा रस्ताभर म्हणत होता तू बोलायलाच नको होतंस. अरे पण नर्सने विचारल्यावर काय सांगू, मुलीचा वाढदिवस मला आठवत नाही?

नर्सबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत, आणि आता म्हणते ते बरंच झालं. आपल्याकडे खाजगी डॉक्टर एमएमआरचा, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा, पहिला डोस नवव्या महिन्यात देतात, आमचाही तसाच. इथल्या नियमात पहिल्या वाढदिवसाआधीचा एमएमआर धरतच नाहीत, आणि शाळेला दोन लागतात. आमचा पंधराव्या महिन्याचा धरला, म्हणजे एक. तिसरा चार ते सहा वर्षांमधला, तो कोविडच्या गडबडीत मागे पडला तो पडलाच, पाचव्या वर्षी डीपीटीचा बूस्टर दिला तेव्हाही कोणाला आठवला नाही. बाहेरून आलेल्या मुलांना कागद पूर्ण करायला ३० दिवस मिळतात, त्यात हे बसवायचं होतं.

वर टीबीची टेस्ट. टीबीचं प्रमाण जास्त असलेल्या देशांतून पहिल्यांदा येणाऱ्या मुलांना ती लागते. हातावर टोचून दोन दिवसांनी फुगवटा मोजतात ती, पण आपल्या पोरांना जन्मल्या जन्मल्या बीसीजी, म्हणजे टीबीचीच लस, दिलेली असते, डाव्या दंडावरचा तो गोल व्रण, त्यामुळे हातावरची टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे वगैरे लचांड मागे लागतं. आमच्या इथल्या डॉक्टरांनी व्रण बघूनच रक्ताची टेस्ट लिहिली. आणि एक महत्त्वाचं सांगितलं जे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं, की एमएमआर आधी घेतला तर टीबीच्या टेस्टला चार आठवडे थांबावं लागतं, नाहीतर टेस्ट नीट येईलच असं नाही. एक तर दोन्ही एकाच दिवशी, किंवा टेस्ट आधी. मी तर आदल्या दिवशीच एमएमआर उरकून टाकायच्या बेतात होते! एकाच सकाळी एका हातातून रक्त काढलं, दुसऱ्या हाताला इंजेक्शन दिलं, आणि लेक माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

तारखांसाठी पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला. इथले सकाळचे नऊ म्हणजे तिथले संध्याकाळचे साडेसहा, दवाखाना खच्चून भरलेला, मागे कोणीतरी भोकाड पसरलेलं. रिसेप्शनवरच्या ताई म्हणाल्या, "मॅडम, फाइल दिलीय ना तुम्हाला, परत काय?" मी म्हटलं ताई, फाइलच आहे, पण सगळ्या तारखा लेटरहेडवर महिन्याचं नाव अक्षरात लिहून पाहिजेत. "अमेरिकेत महिने येत नाहीत का?" असं विचारलं त्यांनी. पण रात्री अकराला, म्हणजे त्यांच्या रात्री अकराला, डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. त्या डॉक्टरांना पुढच्या फेरीत बाकरवडीचा अख्खा डबा.

घरी कुठली भाषा बोलता, हाही एक फॉर्म असतो. सगळ्यांनी सल्ला दिला इंग्लिश लिहा, नाहीतर परीक्षा घेतात आणि मूल वेगळ्या वर्गात टाकतात. मी मराठी लिहिलं. खोटं कशाला लिहू, आणि तेही या विषयावर. मग टेस्ट झाली, ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, एक ते सहा असे मार्क. सेमी इंग्लिशची मुलगी, समजतं सगळं पण तोंड उघडत नाही, लिहिण्यात कमी पडली. रोज अर्धा तास वेगळ्या टीचरकडे जायचं, पाचसहा मुलं, बाकी वेळ आपल्याच वर्गात. याला लोक का घाबरतात मला कळलेलं नाही, वर्गात जी मुलगी डिसेंबरपर्यंत गप्प होती ती त्या अर्ध्या तासात गाणी म्हणायची.

बसचं थोडक्यात. राज्याचा नियम असा की आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून दोन मैलांपेक्षा लांब असेल तरच डिस्ट्रिक्टने बस द्यायलाच हवी, नववीपासून पुढे अडीच मैल. आमचं घर दीड मैलाच्या थोडं पुढे. मधल्या एका रस्त्याला फुटपाथच नाही. म्हणून बोर्ड मीटिंगला गेले, इथे कोणीही जाऊन बोलू शकतं, मतदानाचा हक्क नसला तरी, माझ्यासारख्या, नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या एच फोरवालीलाही तीन मिनिटं. घरी आरशासमोर पाठ करून गेले होते. बोलले, सगळ्यांनी मान डोलावली, अध्यक्षांनी आभार मानले, आणि बस मिळाली नाही. आता आम्ही तीन घरं आळीपाळीने गाडीने सोडतो.

शाळा लेबर डेनंतरच्या (तो सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असतो) गुरुवारी सुरू झाली. फर्स्ट ग्रेड. लेकीने दोन दिवस तोंड पाडलं, "मी दुसरीत आहे ना?", मग तिसऱ्या दिवशी कळलं की तिला येतं ते बेरजांचं पान इतरांना येत नाही, आणि तिचा भाव एकदम वधारला. वाढदिवस आला ५ नोव्हेंबरला, मंगळवार, नेमका प्रेसिडेंटच्या निवडणुकीचा दिवस, शाळेला सुट्टी. त्या आठवड्यात पुढे टीचर लोकांचं अधिवेशन, परत सुट्टी. आदल्या आठवड्यात दिवाळी झालेली, घरातच केक कापला, वर्गात काही झालं नाही याचं मला काही वाटलंही नाही, म्हटलं सुट्टीत हरवला असेल.

मग मे महिना. ९ तारखेच्या शुक्रवारी घ्यायला गेले तर कन्या डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट घालून गाडीकडे येतेय, हातात पेन्सिल, स्टिकर, छातीवर बिल्ला. अकरा तारखेला रविवार येत होता म्हणून टीचरने दोन दिवस आधीच साजरा केला. वर्गाची यादी बहुतेक ऑगस्टमध्ये, दुरुस्ती व्हायच्या आधीच छापली गेली असणार, आणि भिंतीवर वर्षभर मे महिन्याच्या फुग्यावर तिचं नाव चिकटलेलं होतं. मी विचारलं, अगं मग टीचरना सांगितलं नाहीस का, आज तुझा वाढदिवस नाही म्हणून?

"सांगणार होते," म्हणाली, "पण त्यांनी आधी मुकुट घातला."