एक रविवार, एक वायफाय कार्ड

बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर आज लिनक्स मिंट ही विंडोजसारखीच, पण फुकटातली ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. सगळं झकास, फक्त वायफाय गायब! मोबाईल यूएसबीने जोडून नेट घेतलं आणि कुणा भल्या माणसाने फुकटात सांभाळलेला ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) टर्मिनलवर कमांड देऊन त्याच्या कोडपासून तयार, म्हणजे कंपाइल, करत बसलो. दोन चहा झाले, वरण गार झालं, तेव्हा कुठे नेटवर्कची यादी उगवली. कार्डाच्या कंपनीने ड्रायव्हरचा सोर्स (मूळ कोड) दिलाय खरा, पण जुन्या कर्नलपुरता, म्हणजे लिनक्सच्या जुन्या गाभ्यापुरता. पुढचं तुमचं तुम्ही बघा! ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाने २०२२ मध्ये कर्नल मॉड्यूल (ड्रायव्हरचे कर्नलमध्ये बसणारे भाग) खुले केले तेही लिनक्सपुरतेच. फ्रीबीएसडी या दुसऱ्या फुकट सिस्टीमवाले बिचारे लिनक्सचे ग्राफिक्स ड्रायव्हर स्वतःच ओढून नेतात. अरे, पैसे आम्ही कार्डाचे मोजलेत, विंडोजचे नाही.

बाबांचा प्रश्न एकच: "आधी चालत होतं ना रे?"