सड्यावर हूक अडकवायचा कशाला?

"मिस्त्री, बारा हजार पौंडाचा विंच बसवा. पैशाचं बघू नका."

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या माझ्या शेडमध्ये पिकअप लावता लावताच काका बोलले. विंच म्हणजे गाडीच्या पुढं बसणारं, दोराचा हूक समोर अडकवून आणि दोर ड्रमवर गुंडाळत रुतलेली गाडी ओढून काढणारं यंत्र. गगनबावड्याकडच्या वाड्यांवर ते पेंडीची पोती पोचवतात, येताना दुधाचे कॅन आणतात. मागच्याच पावसात गाडी रुतली, ट्रॅक्टरला वायररोप बांधून ओढली, तर पुढचा गार्ड बोल्टांसकट उपटून निघाला. मी वाकून बघितलं. गार्ड नुसता पत्र्यावर बसवलेला होता. तो लोखंडाचा तुकडा कुणाच्या डोक्यात गेला नाही, हे नशीब. ओढ सोसायची ती चेसीनंच, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यानं.

आधी गाडी भरल्या मालासकट वजनकाट्यावर घातली. पावणेतीन टन. विंच वजनाच्या निदान दीडपट ओढणारा असावा, म्हणजे साडेनऊ हजार पौंडाचा, सुमारे ४,३०० किलोचा, हिशेबात पुरत होता. पण ही ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराची. वर दोराचे थर जितके जास्त, तितकी ओढ कमी. शिवाय विंचला पुढे काहीतरी धरून ठेवणारं लागतं. त्यामुळं गाडी रुतते ती जागा बघितल्याशिवाय मी विंच बसवत नाही. म्हटलं, "चला, दाखवा."

सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या कातळपठारावर पोचलो तेव्हा पाऊस तुटून पडत होता. सगळीकडं जांभ्याचा कातळ, मधल्या खोलगट जागी तांबडा चिखल. काकांनी गाडी त्यातच घातली. मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि डिफ, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला गिअरचा डबा, चिखलात टेकला.

"काका, आता विंचचा हूक कशाला अडकवू?"

त्यांनी चौफेर बघितलं. करवंदीच्या जाळ्या सोडल्या तर झाड नव्हतं.

निम्मी पोती उतरवली. मागच्या टायरांत पन्नास पीएसआयच्या वर हवा होती, ती पंचवीसवर आणली. टायर बसका झाला की त्याची लांबी जमिनीला जास्त टेकते, पकड तिथून मिळते. मग फावड्यानं डिफखालची माती काढली. जास्तीत जास्त वेळ यातच जातो आणि लोक नेमकं हेच टाळतात. चाकांपुढं उतार करून ट्रॅक्शनच्या, म्हणजे चाकाला पकड देणाऱ्या दातेरी फळ्या टायरला घट्ट भिडवल्या. फोर व्हील लो, म्हणजे चारही चाकांना सावकाश पण जास्त जोर, पहिला गिअर, पाय अगदी हलका. रेस वाढवून चाक फिरवलं तर फळीचे दात वितळतात. काकांनी ऐकलं. दात टायरच्या नक्षीत बसले, गाडी वीतभर वर उचलली आणि सरळ कातळावर आली. तिथं लगेच थांबवून कंप्रेसरनं हवा भरली, कारण बसक्या टायरची बाजू जांभ्याच्या धारेवर फाटते.

तिथंच यादी ठरली. फळ्यांची जोडी, लांब दांड्याचं फावडं, कंप्रेसर, हवा मोजायचं मीटर. दुसऱ्या गाडीनं ओढायची वेळ आली तर वायररोप नको, ताणला जाणारा कायनेटिक दोर. तो ताणातून हळूहळू ओढ देतो, चेसीला हिसका कमी बसतो. पुढं-मागं चेसीला बोल्टनं बसणारे, भार लिहिलेले हूक. ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याला दोर लावायचा नाही, ताणाखाली गोळा तुटून बंदुकीच्या गोळीसारखा येतो. विंच सध्या नको. झाडीतल्या वाटेनं फेऱ्या सुरू झाल्या तर बघू, तेव्हा झाडाला गुंडाळायचा रुंद पट्टाही सोबत घ्यावा लागेल.

हूक बसवून गाडी दिली, तेव्हा काकांना आणि क्लीनरला शेडमध्येच उभं केलं. दोर ताणलेला असताना त्याच्या दीडपट लांबीच्या आत कुणी उभं राहायचं नाही, हे दोघांकडून वदवून घेतलं.