जांभळा उजेड दिसला म्हणजे विषाणू मेला असं नाही

बडोद्यात जुलैत कोल्ड प्लाझ्मावर, म्हणजे हवेत वीज सोडून विषाणू मारण्यासाठी तयार केलेल्या गार, जांभळ्या झळाळीवर, काम करायचं तर आधी आर्द्रतामापक बघावा, मग स्विचला हात लावावा. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की प्लाझ्मा तयार करणाऱ्या अल्युमिनाच्या (एक सिरॅमिक) पाटीवर पाण्याचा न दिसणारा थर बसतो, वीज त्यावरून झिरपते आणि व्होल्टेज तेच असूनही पाटीवरच्या जाळीभोवतीची जांभळी झालर जागोजागी तुटते. शिवाय ओझोन घटतो, हायड्रॉक्सिल वाढतं. म्हणजे विषाणूवर पडणारा मारच बदलतो. मे आणि जुलैचे आकडे एका आलेखात टाकायचे आणि मग पाटीला दोष द्यायचा, यात अर्थ नाही. हवा सिलिका जेलमधून कोरडी करावी, थोडी हवा पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत नेऊन परत मिसळावी आणि बारा महिने ४० टक्क्यांवर धरावी.

पाटी तशी साधीच: १ मिमी जाड अल्युमिना, मागे तांब्याची चिकटपट्टी, पुढे स्टीलची जाळी. हाय व्होल्टेज मागच्या तांब्याला, अर्थिंग पुढच्या जाळीला. उलट जोडलं तर काही किलोव्होल्ट नमुन्याकडे तोंड करून बसतात. मागे इपॉक्सी ओतताना बुडबुडा राहिला की त्यात ठिणग्या पडतात आणि पाटी नेमकी तिथेच तडकते, म्हणून इपॉक्सीतली हवा आधी व्हॅक्यूममध्ये काढून घ्यावी. सुरुवातीला १० किलोहर्ट्झ आणि शिखर ते शिखर ७-८ किलोव्होल्ट पुरे.

प्लाझ्माची पॉवर सॉकेटच्या मीटरवर मोजू नये, त्यात ट्रान्सफॉर्मरचा तोटाही येतो. अर्थिंगच्या तारेत १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर घालावा. त्यावरचं व्होल्टेज एका अक्षावर आणि हाय व्होल्टेज प्रोबचं दुसऱ्या अक्षावर घेतलं की ऑसिलोस्कोपवर तिरका चौकोन दिसतो. कपॅसिटरच्या व्होल्टेजला १०० नॅनोफॅरॅडने गुणून विद्युतभार काढला की त्या चौकोनाचं क्षेत्रफळ म्हणजे एका आवर्तनाची ऊर्जा. ती ०.६ मिलिज्यूल आली तर १०,००० ने गुणून ६ वॅट. वॅट वाढवले की परिणामही वाढेल, असं मात्र धरू नये. एका मर्यादेपुढे नायट्रोजनची ऑक्साइडं ओझोनला खाऊन टाकतात आणि पाटी ठेवलेल्या बंद पेटीतली हवा वेगळीच होऊन बसते.

आता विषाणू. खऱ्या कोरोनाला बीएसएल-३ (कडक सुरक्षेची प्रयोगशाळा) लागते, म्हणून एमएस२ फाज (माणसाला नव्हे, जिवाणूला लागणारा विषाणू) घ्यावा. दर मिलीलिटरला १ अब्ज फाज असलेल्या द्रावणाचे १० मायक्रोलिटर स्टीलच्या तुकड्यावर ठेवले की १ कोटी झाले. वाळू द्यावं, प्लाझ्मा द्यावा, १ मिलीलिटर बफरमध्ये (आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणात) धुवून घ्यावं आणि त्यातले १०० मायक्रोलिटर ई. कोलाय जिवाणूबरोबर ४५ अंशांच्या मऊ अगारात ओतावेत. एकही प्लाक (फाजने जिवाणू मारल्याचा स्वच्छ ठिपका) दिसला नाही तरी ‘सगळे मेले’ लिहायचं नाही. या मोजणीची खालची मर्यादा मिलीलिटरला १० आहे, तेव्हा ‘६ लॉगपेक्षा जास्त’ (एक लॉग म्हणजे दहापट घट) एवढंच लिहावं. होस्टला, म्हणजे ई. कोलायला, एफ पिलस (फाज ज्याला चिकटतो तो केसासारखा धागा) लागतो आणि थंडीत तो नाहीसा होतो. फ्रिजमधून काढलेलं कल्चर तसंच वापरलं तर प्लाक कमी दिसतील आणि श्रेय फुकट प्लाझ्माला जाईल.

तुलनेसाठी कंट्रोल तीन हवेत: नुसता वाळलेला तुकडा, नुसत्या हवेच्या झोताखालचा तुकडा, आणि तिसरा, जो बहुतेकदा राहून जातो. विषाणू नसलेल्या तुकड्याला प्लाझ्मा द्या, बफरमध्ये धुवा, त्यात मोजलेला फाज घाला, दहा मिनिटांनी वरच्यासारखंच अगारात ओतून प्लाक मोजा. आकडा घसरला, तर पेरॉक्साइड आणि इतर उरलीसुरली रसायनं बफरमध्येही फाज मारत आहेत आणि ‘३० सेकंदांत मेला’ ही तुमची वेळ खोटी आहे. मग बफरमध्ये ही रसायनं निष्प्रभ करणारे कॅटलेज आणि सोडियम थायोसल्फेट घालून हाच कंट्रोल पुन्हा करावा.

कोरोनासारख्या, मेदाचं आवरण असलेल्या विषाणूसाठी फाय६ हा फाज चांगला, पण त्याचा होस्ट जिवाणू स्यूडोमोनास सिरिंजी २५ अंशांच्या आसपास वाढतो. मे महिन्यात बडोद्यातल्या खोलीचं तापमानच त्याच्या बरंच वर असतं. साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, म्हणून गार करणारा बीओडी इनक्युबेटर लागतो. शिवाय फाय६ वाळतानाच बराच मरतो, तेव्हा लॉग मोजताना सुरुवात वाळलेल्या कंट्रोलपासून धरावी, बाटलीतल्या आकड्यापासून नाही.

पाटीचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने चकचकीत जाळीवर मोजलं तर कमी दिसतं. वीज बंद करून लगेच अल्युमिनावर थर्मोकपल टेकवावं. ओझोनची मर्यादा आठ तासांसाठी ०.१ पीपीएम आहे. नाक थोड्याच वेळात सरावतं, म्हणून पेटी फ्यूम हूडमध्येच ठेवावी आणि बंद केल्यावर ओझोनचं मीटर खाली आल्याशिवाय झाकण उघडू नये.