तीच लाल टोपी, पुन्हा नवी चित्रं

पुस्तकप्रदर्शनात मुलांच्या टेबलापाशी हमखास येणारा प्रश्न असा: 'सिंड्रेला, हिमगौरी, लाल टोपीवाली या गोष्टी तर सगळ्यांना पाठ आहेत. मग नवी चित्रं घालून पुन्हा पुन्हा त्याच का काढतात? आणि एकाच गोष्टीची पाच पुस्तकं समोर असली तर घ्यावं कोणतं?' तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर गोष्टीच्या मजकुरातच आहे. जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या लोककथासंग्रहातली (पहिला खंड, १८१२) लाल टोपीवाली दिसायला कशी आहे? जो बघेल त्याला आवडायची, बस. केसांचा रंग नाही, वय नाही, आईचं नाव नाही. टोपी मात्र लाल मखमलीची. आजीसाठी केक आणि वाइनची बाटली. आजीचं घर गावापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर, रानात, तीन मोठ्या ओक झाडांखाली. म्हणजे वस्तू नेमक्या, जागा नेमकी आणि माणसं जवळपास कोरी. स्विस अभ्यासक माक्स ल्यूथी यांनी १९४७ साली युरोपीय लोककथेचं हेच लक्षण मांडलं: पात्रांना आतलं जग नाही, खोली नाही. कादंबरीत हा दोष ठरला असता. इथे ती चित्रकाराला सोडलेली जागा आहे, आणि ती कुणा एकाच्या चित्रांनी कायमची भरत नाही. टोपलीचंच बघा. जवळपास प्रत्येक चित्रात या मुलीच्या हातात टोपली असते. ग्रिमच्या गोष्टीत लांडगा विचारतो, 'एप्रनखाली काय घेऊन चाललीयस?' टोपली ही चित्रकारांची भर, आणि आता ती गोष्टीचाच भाग झाली आहे.

ग्रिम बंधूंना स्वतःला चित्रांचं महत्त्व उशिरा पटलं. पहिली आवृत्ती अभ्यासकांसाठी होती, टिपांसकट आणि चित्रांविना. १८२३ साली लंडनमध्ये जॉर्ज क्रुकशँकच्या चित्रांसह इंग्रजी भाषांतर निघालं आणि चांगलं खपलं. ते पाहून त्यांनी १८२५ मध्ये निवडक ५० गोष्टींची छोटी आवृत्ती काढली, त्यात धाकट्या भावाची, लुडविग एमिलची, सात चित्रं. ग्रिम घराघरात पोचले ते या छोट्या पुस्तकामुळे.

आता निवडायचं कसं. दुकानात पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठ बाजूला ठेवा आणि थेट आजीच्या पलंगाचं पान उघडा. ग्रिमच्या गोष्टीत मुलगी लांडग्याला चार गोष्टी विचारते: कान, डोळे, हात, तोंड. कान ऐकायला, डोळे बघायला, हात पकडायला, तोंड खायला. हा क्रम सहज आलेला नाही. ऐकू लांबून येतं, बघायला जवळ यावं लागतं, पकडायला त्याहून जवळ. धोका एकेक पाऊल पुढे सरकतो. फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या १६९७ च्या गोष्टीत असे पाच प्रश्न आहेत, हात, पाय, कान, डोळे, दात. शेवट तिथेही तोंडापाशीच. बरेच नवे लेखक पानात जागा नाही म्हणून 'हात' गाळतात किंवा डोळे आधी आणि कान नंतर घेतात. मूल तक्रार करत नाही, पण अंगावर काटा येत नाही. 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' सांगताना वाटेत भेटणारी जनावरं एकावर आणली तर जे होईल तेच इथे होतं.

मग पान उलटण्याची जागा बघा. चित्रपुस्तक साधारणपणे ३२ पानांचं असतं, १६ पानांचे दोन फॉर्म (एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेले गठ्ठे). शीर्षक आणि श्रेयाची पानं वजा करता गोष्टीला जेमतेम १४ जोडपानं (समोरासमोरची दोन-दोन पानं) उरतात. चांगला मांडणीकार कान, डोळे, हात एका जोडपानावर घेतो आणि 'तोंड' उलटल्यावरच्या पानावर टाकतो. वाईट मांडणीत संवाद डाव्या पानावर चालू असतो आणि उजव्या पानावर लांडग्यानं झेप घेतलेलीच असते. वाचणारा मोठा माणूस डावीकडून सुरुवात करतो, मूल मात्र आधी चित्र बघतं. पहिला प्रश्न विचारून व्हायच्या आत त्याला उत्तर कळलेलं असतं. त्यापुढचं वाचन म्हणजे निव्वळ हजेरी. आणि जोडपानाच्या मधोमध, शिलाईच्या खाचेत, कुणाचा चेहरा गेला आहे का तेही बघून घ्या. ही चूक मोठमोठ्या प्रकाशनांच्या पुस्तकांतही सापडते.

या दृश्याचा नमुना म्हणून फ्रेंच चित्रकार गुस्ताव दोरेचं चित्र अजून मागे पडलेलं नाही. पेरोच्या गोष्टींच्या १८६२ च्या आवृत्तीसाठी त्यानं ही चित्रं काढली. मुलगी पांघरूण छातीशी ओढून घेते आहे, शेजारी आजीची टोपी घातलेला लांडगा, आणि तिची नजर तिरकी. झेप नाही, रक्त नाही. तिला कळलंय की नाही एवढ्यावरच सगळं चित्र उभं आहे. रानातल्या भेटीच्या चित्रातही लांडग्याची पाठ आपल्याकडे, चेहरा मुलीकडे. ही चित्रं लाकडावर कोरून छापलेली, काळी-पांढरी. लाल टोपीवालीची सगळ्यात गाजलेली चित्रं, आणि त्यांत लाल रंगच नाही!

पुढे रंग आले ते तंत्रानं आणले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंगीत चित्राचे फोटोनं रंग वेगळे करून, ठिपक्यांच्या जाळीतून तिरंगी छपाई होऊ लागली. त्यासाठी गुळगुळीत आर्ट पेपर लागायचा, मजकुराचा खरबरीत कागद चालायचा नाही. म्हणून चित्रं वेगळी छापायची, एका कडेनं जाड कागदावर चिकटवायची आणि वर पातळ टिश्यू लावायचा. इंग्रज चित्रकार आर्थर रॅकहॅमच्या १९०९ च्या ग्रिममध्ये अशी ४० रंगीत चित्रं आहेत. रॅकहॅम आधी शाईची रेघ काढायचा आणि वर मातकट जलरंगाचे हात द्यायचा. यात धूर्तपणा होता. रंगांच्या प्लेटा छापताना केसभर सरकल्या तरी काळी रेघ चित्र सावरून धरायची. चित्रकार एडमंड ड्यूलॅक थोडा नंतरचा. तोवर छपाई सुधारली होती, म्हणून त्याला रेघेचा आधार सोडून निव्वळ निळ्या-जांभळ्या रंगांवर चित्र तोलता आलं.

या जुन्या चित्रांची स्वस्त पुनर्मुद्रणं आज भरपूर मिळतात, आणि घोटाळा इथेच होतो. मूळ चित्राऐवजी जुनं छापील पान स्कॅन केलं की त्यातले ठिपके आणि नव्या छपाईचे ठिपके एकमेकांवर पडतात आणि आकाशात किंवा गालावर चौकटीदार नक्षी उमटते. पिवळा पडलेला कागदही चित्रासोबत स्कॅन होतो, पांढरा झगा चहात बुडवल्यासारखा दिसतो. दोरेच्या बाबतीत बारीक रेघा बुजून रानाचा काळा गोळा होतो. तपासायला एकच चित्र पुरतं: सर्वांत अंधारं. अंधारात झाडं सुटी दिसली तर पुस्तक घ्या. कागद १३० ते १५० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) असावा. पातळ कागदावर मागच्या पानावरचा लांडगा पुढच्या पानावर आधीच दिसतो.

गोष्ट 'सौम्य' केली आहे का, हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. सौम्य करायला माझी हरकत नाही, पण मग सगळा हिशेब जुळवावा लागतो. ग्रिमच्या गोष्टीत शिकारी बंदूक न चालवता कात्रीनं लांडग्याचं पोट कापतो, दोघी बाहेर येतात, मुलगी मोठाले दगड आणते, ते पोटात भरतात आणि पळायला जाताच लांडगा कोसळून मरतो. नव्या पुस्तकांत आजीला कपाटात कोंडतात. ठीक. मग लांडग्याच्या पोटात कुणी नसतं, आणि कात्री आणि दगड दोन्ही निरर्थक होतात. शेवटी तो नुसताच पळून जातो, आणि तो परत का येणार नाही, हे मूल विचारतंच. पेरोच्या गोष्टीत तर मुलीला गिळल्यावर गोष्ट संपते, खाली पद्यात उपदेश. तो शेवट लहानांना द्यायचा की नाही हे तुम्ही ठरवा. निदान त्यात फसवणूक नाही.

हिमगौरीची कापाकापी याहून वाईट. मूळ गोष्टीत राणी तीनदा येते: आधी कमरेची नाडी, मग विषारी कंगवा, मग सफरचंद. दोनदा मरता मरता वाचलेली मुलगी तिसऱ्यांदा आत घेत नाही, म्हणून राणी सफरचंद कापून निम्मं स्वतः खाते. विष फक्त लाल बाजूत. एकच फेरी ठेवली की हा सगळा डाव जातो आणि हिमगौरी बावळट ठरते. बुटक्यांना ग्रिमकडे नावं नाहीत, ती पुढे नाटक-सिनेमांनी दिली. आणि हिमगौरी जागी होते ते तिची शवपेटी वाहणारे नोकर ठेचकाळून घशातला तुकडा बाहेर पडतो म्हणून. चुंबनाचं चित्र दिसलं तर पुस्तक सिनेमावरून बेतलंय असं समजा.

मराठी आवृत्ती घेताना आणखी एक बघा. परदेशी चित्रपुस्तकं बऱ्याचदा अनेक भाषांसाठी एकत्र छापतात. निळ्या, किरमिजी, पिवळ्या रंगांच्या प्लेटा त्याच राहतात, भाषेप्रमाणे फक्त काळी प्लेट बदलते. म्हणून मजकूर काळाच असतो, आणि त्याची जागा रोमन लिपीच्या मापानं आधीच ठरलेली असते. देवनागरीला वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार. ओळींमधलं अंतर जास्त लागतं, ते तिथे मिळत नाही. मग टाइप बारीक करतात किंवा वाक्यं तोडतात, आणि तोडताना पहिली जाते ती पुनरावृत्ती, म्हणजे 'केवढे हे कान', 'केवढे हे डोळे'. एक पान दुकानातच मोठ्यानं वाचून बघा, अडखळलात तर कारण बहुधा हेच असेल.

घरी लाल टोपीवालीचं पुस्तक आधीच असेल, तर त्यात दुसरा लांडगा आहे का शोधा. ग्रिमच्या गोष्टीला शेपूट आहे: पुढे कधीतरी मुलीला आणखी एक लांडगा भेटतो. या वेळी ती वाट सोडत नाही, सरळ आजीकडे जाते आणि दोघी दार लावून घेतात. लांडगा छपरावर चढून बसतो. आजी तिच्याकडून सॉसेज उकळलेलं पाणी दाराशी दगडी कुंडात भरून घेते. वासानं मान लांबवत लांडगा घसरतो आणि कुंडात बुडतो. शिकारी लागत नाही. चित्रपुस्तकांत हा भाग सहसा गाळलेला असतो, तेव्हा तो तोंडीच सांगावा लागेल, आणि चित्र मुलांना काढू द्यावं.